वेळेअभावी

मी एक मुरलेला श्रोता आहे. लोणच्याला मुरायला तेल, मीठ आणि अंधार लागतो. श्रोत्याला डोक्यावर पंखा, शेवटी घोटभर चहा आणि फुकट प्रवेश एवढे पुरते. पोस्टाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आमच्या गावच्या विद्यापीठातले एकही जाहीर व्याख्यान मी चुकवलेले नाही. मधमाश्यांचे समाजजीवन ऐकले, मराठ्यांची नाणी ऐकली, काँक्रीटच्या भवितव्यावर ऐकताना तर माझ्या डोळ्यांतून पाणी आले. (पंखा थेट तोंडावर होता, हा भाग निराळा.) आमची ही म्हणते, ‘‘घरी मी चार शब्द बोलले तर तुम्हाला झोप येते आणि तिथे दोन-दोन तास बसता!’’ आता तिला कोण सांगणार, की झोप तिथेही येते. फक्त तिथे ती चारचौघांत येते.

हे सगळे आधीच सांगितले, कारण आता मी जे बोलणार आहे ते व्याख्यानांचा वैरी म्हणून नव्हे. व्याख्यानावर माझा जीव आहे. माझे भांडण आहे ते व्याख्यानाच्या आधी, नंतर आणि आजूबाजूला जे काही चालते त्याच्याशी. लग्नाला जावे आणि नवरदेवच सापडू नये, अशी माझी गत झाली आहे.

त्यातून हल्ली सगळे काही ‘आंतरविद्याशाखीय’ झाले आहे. पूर्वी व्याख्यान एका विषयावर असे आणि मला एकच विषय कळत नसे. 2020 सालचे शैक्षणिक धोरण आले आणि विषयांच्या भिंती पाडायच्या ठरल्या. तेव्हापासून व्यासपीठावर तीन विषयांचे तीन तज्ज्ञ बसतात आणि मला एका तिकिटात तीन विषय कळत नाहीत. निवेदिका बिचारी हा शब्द तीन हप्त्यांत उच्चारते. ‘आंतर’ म्हणते, श्वास घेते, ‘विद्या’ म्हणते, कागदाकडे बघते आणि ‘शाखीय’ म्हणून सुटकेने हसते. तोवर पहिला तज्ज्ञ दुसऱ्याच्या कानात गाडीची वेळ विचारत असतो. त्या संध्याकाळी दोन विद्याशाखांत होणारी एवढीच काय ती देवाणघेवाण.

कल्पना वाईट आहे असे मात्र कोणी समजू नये. दामोदर धर्मानंद कोसंबी हे खरे तर गणिताचे माणूस. पण त्यांनी जुनी आहत नाणी तराजूत घातली. हातोहाती फिरून नाणे झिजते, जितके फिरले असेल तितके हलके होते. तेव्हा वजनांचा हिशेब मांडून कोणते नाणे किती काळ फिरले असेल, हे त्यांनी काढले. गणितातून निघाले आणि इतिहासात पोहोचले. वाटेत कोणाला नारळ दिला नाही, कोणाचा घेतला नाही. प्रश्न कुंपणापलीकडे गेला म्हणून हा माणूसही कुंपणावरून गेला. आंतरविद्याशाखा म्हणजे माझ्या अल्पमतीप्रमाणे एवढेच. आमच्याकडे कुंपण तसेच ठेवून त्यावर फलक लावतात.

आता ज्या संध्याकाळी माझे डोके फिरले तिची हकीकत सांगतो.

आमच्या आळीच्या तोंडाशी घड्याळवाल्या काकांचे दुकान आहे. दुकान कसले, दोन जिन्यांच्या मधली फट! काका आत शिरले की दुकान भरते. डोळ्याला भिंग लावून पंचेचाळीस वर्षे हा माणूस लोकांची वेळ सुधारतो आहे. शिक्षण आठवीपर्यंत. किल्लीची घड्याळे गेली, सेलची आली, मग माणसे मोबाइलमध्येच वेळ बघू लागली. ज्या एचएमटीने 1961 साली देशात घड्याळे बनवायला घेतली तिचा घड्याळांचा कारभार 2016 साली गुंडाळला गेला, काका मात्र तिथेच आहेत. गिऱ्हाईक कमी झाल्यामुळे त्यांना विचार करायला वेळ मिळतो, आणि मला निवृत्तीमुळे तो ऐकायला.

विद्यापीठाची पत्रिका आली : ‘काळ – विज्ञान, तत्त्वज्ञान आणि साहित्य : एक आंतरविद्याशाखीय संवाद’. मी ती घेऊन थेट काकांकडे गेलो.

‘‘काका, हे तुमच्या धंद्यातलं आहे. चला.’’

काकांनी भिंगातूनच पत्रिका वाचली. ‘‘मास्तर, आपल्यासारख्याला आत सोडतील?’’

‘‘अहो, जाहीर व्याख्यान आहे. खाली छापलंय बघा, सर्वांना मुक्त प्रवेश.’’

‘‘मग एक विचारायचं आहे मला. किती वर्षांचं मनात आहे. तिथे विचारता येईल?’’

‘‘म्हणजे काय! ‘प्रश्नोत्तरे’ असा स्वतंत्र कार्यक्रमच आहे,’’ मी छातीवर हात ठेवून सांगितले. हा हात मला पुढे फार महाग पडला.

त्या दिवशी काकांनी पाच वाजताच फळी लावली. इस्त्रीचा सदरा घातला. प्रश्न दुरुस्तीच्या पावतीमागे लिहून आणला होता. रिक्षात त्यांनी तो मला दाखवला : ‘घड्याळ उघडले की आत चाके दिसतात, स्प्रिंग दिसते. वेळ कोठेच दिसत नाही. मग घड्याळ मोजते काय?’

वाचकहो, मी मुरलेला श्रोता आहे. शेकडो व्याख्यानांना बसलो, पण असा प्रश्न मला एकदाही सुचला नाही. जुने किल्लीचे घड्याळ तासाला 18,000 ठोके देते, सेलच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. आणि 1967 सालापासून तर सेकंदाची व्याख्याच सीझियमच्या अणूवर बांधली आहे. त्याच्या किरणांची 9,19,26,31,770 आंदोलने झाली की एक सेकंद. म्हणजे प्रत्येक ठिकाणी आपण कशाची तरी हालचाल मोजतो आणि नाव मात्र वेळेचे घेतो. 6 एप्रिल 1922 रोजी पॅरिसमध्ये आइन्स्टाइन आणि तत्त्वज्ञ बर्गसाँ समोरासमोर आले तेव्हा जवळपास हाच मुद्दा होता. आपण अनुभवतो तो काळ घड्याळात मावत नाही, असा बर्गसाँचा पक्ष. तत्त्वज्ञांसाठी असा वेगळा काळ काही नाही, असा आइन्स्टाइनचा. दोघांचे पटले नाही. ते न पटणे लोक शंभर वर्षांनीही वाचतात. आणि तोच वाद आमच्या आळीतल्या एका फटीतून, पावतीच्या पाठीवर बसून निघाला होता.

सभागृहात पोहोचलो. त्यानंतर जे झाले ते मी पोस्टाच्या सवयीने हिशेबवहीच्या पद्धतीने देतो. वेळ साडेपाचची होती, सुरुवात सहा वाजून पाच मिनिटांनी झाली.

दीपप्रज्वलन, 9 मिनिटे. (वर पंखा चालू, खाली समईच्या पाच वाती, आणि मान्यवर पाच. पाचवी लागली की पहिली विझे. शेवटी पंखा बंद करायचे कोणाला तरी सुचले. तोवर निम्मी काडेपेटी संपली होती.) स्वागतगीत, 5 मिनिटे. सत्कार, 22 मिनिटे. प्रास्ताविक, 16 मिनिटे. पाहुण्यांचा परिचय, 13 मिनिटे. त्यात एका पाहुण्यांचे जन्मगाव, दुसऱ्यांच्या परदेशवाऱ्या आणि ‘यांना परिचयाची गरज नाही’ हे वाक्य तीनदा. विद्यार्थ्यांचे ‘काळ’ या विषयावरचे नृत्य, 4 मिनिटे. त्या पोरांनी महिनाभर तालीम करून बारा मिनिटांचे बसवले होते, पण पहिल्या कडव्यानंतर त्यांना ‘आवरा’ अशी खूण झाली. एक मुलगी वर्षाऋतू होऊन विंगेत उभी होती. ती तशीच निळ्या पदरासकट घरी गेली. आमच्याकडे त्या दिवशी काळ वसंतातच थांबला.

नंतर व्याख्याने. तिघांची मिळून 34 मिनिटे. भौतिकीचे प्राध्यापक उत्तम बोलत होते. धावत्या माणसाचे घड्याळ हळू चालते, असे त्यांनी सांगितले तेव्हा काका पुढे सरकून बसले. एवढ्यात व्यासपीठावर चिठ्ठी गेली. प्राध्यापकांनी ती वाचली, घड्याळाकडे पाहिले आणि ‘‘असो,’’ म्हणाले. मराठीत ‘असो’ इतका करुण शब्द दुसरा नसेल. तत्त्वज्ञानाच्या बाई बारा मिनिटांत आटोपल्या. साहित्याचे गृहस्थ तर आठ मिनिटांत बसले. त्यांच्या वाट्याला काळाचा शेपटाकडचा भाग आला होता.

मग अध्यक्षीय मनोगत, 20 मिनिटे. सुरुवात ‘‘मी आपला फार वेळ घेणार नाही’’ अशी. नंतर निवेदिका आली आणि गोड आवाजात म्हणाली, ‘‘यानंतर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम होता, परंतु वेळेअभावी आपण तो घेऊ शकत नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत.’’

काका उभे राहिले होते. हातात पावती होती. हात पुरता वर गेला नव्हता, खांद्यापर्यंतच गेला होता. शाळेत आठवीनंतर जो खाली गेला होता, तो बहुधा पहिल्यांदाच वर चालला होता. निवेदिकेने त्यांच्याकडे पाहिले आणि ‘‘आता आभारप्रदर्शन,’’ असे म्हटले. काका बसले. पावतीची चौपदरी घडी केली आणि खिशात ठेवली.

आभारप्रदर्शन, 12 मिनिटे. मंडपवाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सर्वांचे आभार झाले. ‘वेळात वेळ काढून’ आलेल्या श्रोत्यांचेही झाले.

बेरीज करा. 135 मिनिटांचा कार्यक्रम, त्यात व्याख्यान 34 मिनिटे. म्हणजे रुपयात बरोबर चार आणे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण अतिशयोक्तीची आहे असे मी आजवर समजत होतो. ती निव्वळ आकडेवारी निघाली.

यावर आयोजक मंडळी काय म्हणतात तेही मी ऐकून आहे. पहिले म्हणजे, ‘ही आपली संस्कृती आहे, पाहुण्यांचा मान राखायला नको का?’ जरूर राखा. पण आमच्या संस्कृतीत कीर्तनही आहे. बुवा उभे राहतात, नमन करतात आणि सुरू होतात. बुवांची पदवी, वेतनश्रेणी आणि परदेशवाऱ्या कोणी वाचून दाखवत नाही. हार-बुक्का होतो तो पूर्वरंग आणि उत्तररंगाच्या मध्ये, तोही टाळ चालू असताना. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो लोकांनी शहाणे व्हावे म्हणून, शाली खपाव्यात म्हणून नव्हे. तेव्हा संस्कृतीला यात ओढू नका. तिला आधीच पुष्कळ कामे आहेत.

दुसरे म्हणजे, ‘अहवाल द्यावा लागतो. मूल्यांकनाला छायाचित्रे लागतात.’ हे मात्र खरे आहे. दिव्याचा फोटो निघतो, शालीचा निघतो, नारळाचा तर फारच छान निघतो. एखाद्याच्या डोक्यात विचार शिरला त्याचा फोटो निघत नाही. म्हणून ज्याचा फोटो निघतो ते वाढत गेले आणि ज्याचा निघत नाही ते वेळेअभावी गेले. मागच्या तीन रांगा भरायला वर्गातून पोरे आणतात, त्यांना हजेरीच्या सहीवर प्रमाणपत्र मिळते. सभागृहात त्या दिवशी स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या प्रश्नासाठी आलेला माणूस बहुधा एकच होता. त्याच्यासाठीच वेळ नव्हता.

तिसरे म्हणजे, ‘लोक प्रश्न विचारत नाहीत हो, भाषण करतात.’ हा वार वर्मी लागणारा आहे. ‘‘माझा प्रश्न नाही, दोनच शब्द बोलतो’’ असे म्हणून उठणारी एक जमात आहे आणि तिचा मी आजीव सभासद होतो. काँक्रीटच्या व्याख्यानानंतर मी पोस्टाच्या इमारतीच्या गळतीवर सात मिनिटे बोललो आहे. पण त्यावर उपाय आहे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या. व्याख्यान आटपण्याची चिठ्ठी जर व्यासपीठावर पोहोचते, तर प्रश्नाची का पोहोचू नये?

आणि हे होऊ शकते, झालेले आहे. पुणे विद्यापीठाच्याच आवारात, जयंत नारळीकरांनी 1988 साली उभ्या केलेल्या आयुका संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारी व्याख्याने होत आली आहेत. नारळीकर मुलांना नुसती सही देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, म्हणत. उत्तर येईल आणि त्याखाली सही असेल. जन्मभर पोस्टकार्डांवर शिक्के मारलेल्या माणसाला यापेक्षा मोठा समारंभ ठाऊक नाही. 2025 साली ते गेले, तेव्हा कितीतरी घरांत जुनी कार्डे बाहेर काढली गेली असतील.

विद्यापीठाचे सगळे दरवाजे कसले ना कसले कागद मागतात. दाखला मागतात, गुणपत्रिका मागतात, शुल्काची पावती मागतात. जाहीर व्याख्यान हे एकच दार असे आहे, की जिथे आठवी झालेला माणूसही नुसता आत येऊन बसू शकतो. लंडनमध्ये 1812 साली एक बुकबाइंडरच्या दुकानातला उमेदवार पोरगा असाच एका व्याख्यानाला जाऊन बसला. तिकीटही दुकानाच्या गिऱ्हाइकाने दिलेले. हंफ्री डेव्हींची व्याख्याने त्याने ऐकली, टिपणे काढली, स्वतःच्या हाताने बांधून डेव्हींनाच पाठवली. पुढच्या वर्षी डेव्हींनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कामाला घेतले. तो मायकेल फॅरडे. आज आपल्या घरात जी वीज येते ती तयार करण्याचे तत्त्व त्याने शोधले. त्या चार व्याख्यानांत बावीस-बावीस मिनिटे शाली वाटल्या असत्या, तर तुम्ही हा लेख कंदिलाच्या उजेडात वाचत असता.

या फॅरडेने 1825 साली तिथेच शुक्रवारची व्याख्याने सुरू केली. त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. परिचय नाही, ‘मान्यवर हो’ नाही. ठोका पडला की वक्ता आत येतो, पहिल्या वाक्यापासून विषयावर बोलतो आणि बरोबर तासाने थांबतो. पूर्वी एक वक्ता ऐनवेळी घाबरून पळाला म्हणून वक्त्याला आधी खोलीत कोंडून ठेवतात, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे ही पद्धत सुरू करायला माझी हरकत नाही. फक्त कोंडताना वक्त्याला नव्हे, प्रास्ताविक करणाऱ्याला कोंडावे.

माझ्या मागण्या फार नाहीत. परिचय पत्रिकेवर छापा; येणारे लोक वाचू शकतात. शाल-नारळ चहाच्या खोलीत उरका; नारळ तिथेही फुटतो. पोरांच्या नाचाला त्याची स्वतःची अख्खी संध्याकाळ द्या, वर्षाऋतूसकट. आणि वेळ कमी पडलाच तर आधी अध्यक्षीय मनोगत कापा, मग आभार कापा, मग दिवा. प्रश्न सर्वांत शेवटी कापा.

लेख इथे संपवला असता तर मला बरे वाटले असते. पण हिशेबवहीत एक रकाना मी मुद्दाम झाकून ठेवला होता. सत्कार, 22 मिनिटे. सत्कारमूर्ती अकरा. म्हणजे माणशी दोन मिनिटे. त्यातला अकरावा, ‘ज्येष्ठ आणि नियमित श्रोते’ म्हणून ज्याला शाल आणि नारळ मिळाला, तो मी होतो. आधी कळवले होते त्यांनी. मी नको म्हणालो नाही. उलट नवा झब्बा शिवला. काकांना सोबत नेले त्यात, माझा सत्कार कोणीतरी ओळखीच्याने पाहावा हाही एक हेतू होता, तो आता कबूल करून टाकतो. काकांचा प्रश्न वाचायला दोन मिनिटेही लागली नसती. त्यांच्या वाटणीची दोन मिनिटे माझ्या खांद्यावर पडली होती. रंगाने ती मोरपंखी होती.

आठ दिवस मी दुसऱ्या गल्लीने जात होतो. मग माझे घड्याळ बंद पडले. त्याला काही इलाज नव्हता.

काकांनी भिंग लावले, झाकण उघडले, सेल बदलला. बराच वेळ आत बघत राहिले. मी म्हटले, ‘‘काका, पुढच्या महिन्यात पुन्हा व्याख्यान आहे. या वेळी मी आधी बोलून ठेवतो. तुमचा प्रश्न –’’

‘‘छे हो मास्तर,’’ काका झाकण बसवत म्हणाले. ‘‘मोठ्या माणसांना कुठे वेळ असतो! पण तुमची शाल छान दिसत होती हं. मी टाळ्या वाजवल्या. ऐकू आल्या का तिथे वर?’’

मी पैसे विचारले. त्यांनी सवयीने पावतीपुस्तक ओढले, पण पावती फाडली नाही. ‘‘राहू द्या,’’ म्हणाले, ‘‘सत्काराचे समजा.’’